फ्रिजवरचा ट्रे : पावसाळ्यात घरात लावलेली भाजीची रोपं का लांबली?

हे प्रकरण पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका सोसायटीतलं आहे. कुटुंबाच्या संमतीने लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. घरातल्या मोठ्या बाईंना मी काकू म्हणते, तेच इथेही ठेवते. दुसऱ्या त्यांच्या सूनबाई. मी त्याच सोसायटीत राहते आणि बरीच वर्षं गच्चीवर भाजी लावते आहे. या गोष्टीत मी मध्यावर शिरले. त्यानंतरचे काही निर्णय माझ्या सांगण्यावरून झाले आणि त्यातला एक चुकला. तोही जसा घडला तसा खाली दिला आहे.

पार्श्वभूमी

सोसायटीच्या कमिटीने मे महिन्यात काकूंना गच्चीच्या एका कोपऱ्यात बारा पिशव्या ठेवायची परवानगी दिली. मातीच्या, मोठ्या, झाडं लावायच्या पिशव्या. बेत ठरला : सहा पिशव्यांत टोमॅटो, तीनमध्ये वांगी, तीनमध्ये मिरची. जूनच्या सुरुवातीला बी टाकायचं, महिन्याभरात रोप तयार करायचं आणि जुलैत पिशवीत लावायचं.

आदल्या वर्षी त्यांनी बी थेट गच्चीवरच टाकलं होतं. मृगाच्या पहिल्याच सरीने कुंड्यांतली माती उडवली, बी वर आलं, आणि जे उगवलं ते गोगलगायींनी एका रात्रीत साफ केलं. यंदा त्यांनी ठरवलं की रोपं घरातच करायची. सूनबाईंनी मोबाईलवर बरेच व्हिडिओ पाहिले होते. बहुतेक थंड देशांतले. तिकडे मार्चमध्ये बाहेर बर्फ असतो, म्हणून लोक घरात बी लावतात, ट्रेखाली ऊब देणारी चटई ठेवतात आणि वर प्लास्टिकचं झाकण घालतात. ते पाहून त्यांनी घरातली सगळ्यांत उबदार जागा शोधली, ती म्हणजे फ्रिजचा माथा.

बियाणं चांगलं होतं. टोमॅटो 'पुसा रुबी', वांगं 'मांजरी गोटा', मिरची 'फुले ज्योती'. तिन्ही सरळ वाण. पुढच्या वर्षीचं बी घरचंच धरायचं ही काकूंची इच्छा, म्हणून संकरित बी त्यांनी मुद्दाम टाळलं. ९८ खणांचा एक प्रो-ट्रे आणला, तो भिजवलेल्या कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, भरला. सात ओळी, प्रत्येकीत चौदा खण. तीन ओळी टोमॅटो, दोन वांगं, दोन मिरची. एका खणात एक बी, अर्धा सेंटीमीटर खोल. ५ जूनला पेरणी झाली, ट्रेवर काळी पिशवी पांघरली आणि ट्रे फ्रिजवर गेला.

बारा पिशव्यांसाठी ९८ बिया कशाला, हा प्रश्न तेव्हा कोणालाच पडला नाही. ट्रेला ९८ खण होते, म्हणून ९८ बिया.

अडचण कशी उभी राहिली

९ जूनला घरातले सगळे लग्नाला गावी गेले. १२ तारखेच्या रात्री उशिरा परतले आणि १३ जूनच्या सकाळी काळी पिशवी काढली. टोमॅटोची रोपं उगवून काळोखातच पाच-सहा सेंटीमीटर वाढली होती. पांढरट पिवळी, दोऱ्यासारखी, पिशवीच्या आतल्या बाजूला टेकून वाकलेली. वांगं आणि मिरची अजून मातीतच होती.

सूनबाईंनी ट्रे लगेच हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवला. दोन दिवसांत टोमॅटोची पानं हिरवी झाली, त्यामुळे सगळ्यांना हायसं वाटलं. पण रोपं काचेकडे झुकायला लागली. मग रोज सकाळी ट्रेची दिशा बदलायचा नेम सुरू झाला. त्याने रोपं सरळ उभी राहिली आणि लांबत मात्र राहिली. ट्रे फिरवल्याने रोपाला मिळणारा प्रकाश वाढत नाही, तो फक्त सगळ्या बाजूंना सारखा वाटला जातो. ही गोष्ट मला इथे ठळकपणे सांगावीशी वाटते, कारण ट्रे फिरवायच्या त्या नेमामुळे या घरात दुखण्याचं खरं लक्षण आठ दिवस झाकलं गेलं.

रोपं अशक्त दिसतात म्हणून पाणी वाढलं. मग १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत, लिटरभर पाण्यात एक चमचा, दोनदा दिलं. फक्त दोन बीजदलं, म्हणजे बियातून निघणारी पहिली दोन पानं, असलेल्या रोपाला अजून खताची गरज नसते, त्याची शिदोरी बियातच असते. प्रकाश कमी आणि नत्र जास्त झालं की रोप आणखी लुसलुशीत होतं आणि आणखी ताणतं. शिवाय कोकोपीट सतत ओलं राहिल्याने मर लागली. सात रोपांचं खोड मातीलगत काळपट आणि बारीक झालं आणि ती जागच्या जागी आडवी पडली.

२२ जूनला काकूंनी मला हाक मारली. "अगं, जरा बघून जा. रोपं आहेत की शेवया, तेच कळेना."

पाहिलं ते असं होतं. टोमॅटो ४२ पैकी ३६ उगवले होते, त्यातले सात मरीने गेलेले. उरलेले एकोणतीस अकरा-बारा सेंटीमीटर उंच, आणि एवढ्या उंचीवर खरी पानं जेमतेम एक जोडी. वांग्याची एकोणीस आणि मिरचीची सतरा रोपं, तीही लांबुडकी, पण टोमॅटोइतकी नाहीत, कारण ती काळोखात वाढली नव्हती, खिडकीत आल्यावर उगवली होती. ट्रेच्या कडेची रोपं बुटकी आणि मधली उंच, हेही स्पष्ट दिसत होतं.

कारण काय होतं

सूनबाईंचं म्हणणं होतं, "इतका उजेड आहे ना हॉलमध्ये. दिवसा दिवा लावावा लागत नाही." त्यांचं चुकत नव्हतं. आपली बाहुली उजेडाप्रमाणे लहान-मोठी होते, त्यामुळे दहापट फरकसुद्धा आपल्याला तितका जाणवत नाही. म्हणून मी फोनवरच्या प्रकाश मोजायच्या ॲपने सकाळी अकराच्या सुमारास चार ठिकाणी मोजणी केली. फोनचा आकडा अंदाजी असतो, तुलनेला मात्र पुरतो. आभाळ भरलेलं होतं. गच्चीवर साधारण १७,००० लक्स. बाल्कनीत ग्रिलच्या आत २,८००. हॉलच्या खिडकीत, जिथे ट्रे होता तिथे, ९०० च्या आसपास. खिडकीपासून चार पावलं आत, सोफ्याजवळ, १५०. स्वच्छ उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो, त्याच्याशी ताडून पाहिलं तर हॉलची खिडकी म्हणजे रोपाच्या लेखी संधिप्रकाशच होता.

जूनमध्ये पुण्यात दिवस तेरा तासांहून मोठा असतो, त्यामुळे तास कमी पडत नव्हते. प्रकाशाचा जोर कमी पडत होता.

काळोखात उगवलेलं रोप सगळी साठवण खोड लांब करण्यात खर्च करतं, कारण त्याच्या हिशेबाने ते अजून मातीखाली आहे आणि त्याला वर पोचायचं आहे. प्रकाश मिळाला, विशेषतः त्यातला निळा भाग, की ही धाव थांबते आणि पानं, मुळं यांच्याकडे शक्ती वळते. दुसरी गोष्ट दाटीची. हिरवं पान लाल प्रकाश शोषतं आणि लाल रंगाच्या पलीकडचा, आपल्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा प्रकाश परत टाकतं. रोपातल्या फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याला या दोन्हींचं प्रमाण कळतं. पलीकडचा प्रकाश वाढला की शेजारी कोणीतरी सावली धरायच्या बेतात आहे असं ओळखून रोप उंच व्हायला बघतं. ट्रेमधली मधली रोपं कडेच्या रोपांपेक्षा उंच का, याचं उत्तर हेच.

खोली उबदार असल्याने वेग आणखी वाढला. उगवणीला २५ ते ३० अंश चांगलं असतं, ते पुण्यात जूनमध्ये कुठेही मिळतं. उगवून झाल्यावर मात्र थोडा गारवा बरा, आणि फ्रिजचा माथा किंवा बंद हॉल रात्रीही गार होत नाही.

पुढे कोणते मार्ग होते

काकूंचा भाचा नारायणगावजवळ रोपवाटिका चालवतो. तो सगळा टोमॅटोचा पट्टा, तिथे एका हंगामात एकेकाच्या शेडमधून लाखांनी रोपं जातात. काकूंनी त्याला फोटो पाठवला. त्याचं पहिलं वाक्य : "आत्या, रोप पळालं तुमचं. कागद काढायला उशीर केला का?" नुसत्या फोटोवरून.

त्यानेच समजावलं की रोपवाटिकेतही पेरलेले ट्रे एकावर एक रचून वरून प्लास्टिकने, म्हणजे त्याच्या भाषेत कागदाने, गच्च झाकतात, म्हणजे ओल आणि ऊब टिकते. पण तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ कागद उचलून बघायचं. "दहात एखादं बी मान वर काढताना दिसलं की कागद काढायचा आणि ट्रे पसरायचे. सगळे उगवू देत म्हणून थांबलात तर पहिले आलेले हाताबाहेर जातात. एक रात्रसुद्धा लई होते."

त्या संध्याकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही सगळे पर्याय बोललो.

सगळं टाकून भाच्याकडून तयार रोपं आणणं सर्वांत सोपं होतं. पण तिथे मागणीप्रमाणे संकरित वाण होतात, आणि काकूंना त्यांचेच तीन वाण हवे होते. हा पर्याय शेवटचा म्हणून राखून ठेवला.

ट्रे तडक गच्चीवर नेणं हा दुसरा. खिडकीतल्या ९०० लक्सवर वाढलेली पानं एकदम उघड्यावर नेली तर एखाद्या उघडिपीच्या दुपारीच ती करपली असती, आणि पहिल्या जोरदार सरीत सगळी रोपं जमीनदोस्त झाली असती.

वाढ रोखणारं संजीवक मारणं हा तिसरा. द्राक्षबागेत वापरतात ते क्लोरमेक्वाट. भाच्याने त्याचा नुसता उल्लेख केला, आणि लगेच म्हणाला, "घरच्या खाण्याला नको आत्या." हा विषय तिथेच संपला. मला ते योग्य वाटलं. अशा औषधाने पुढची पेरं आखूड राहिली असती, पण झालेली दोरी परत खोड होत नाही आणि प्रकाशाची कमतरता तशीच राहते.

राहिले ते दोन : घरात दिव्याची सोय करणं आणि जी रोपं वाचण्यासारखी आहेत ती वाचवून बाकीचं बी नव्याने टाकणं. आम्ही दोन्ही एकत्र करायचं ठरवलं.

आमचं एकमत झालं नाही ते वांग्यावर. माझं मत होतं की वांगं आणि मिरची दोन्ही पूर्ण टाकून द्यावी. लांबलेलं रोप जगतं, पण दोन-तीन आठवडे नुसतं सावरण्यात घालवतं, तेवढ्यात नवं बी त्याला गाठतं. काकूंना उगवलेलं रोप उपटून फेकणं पटत नव्हतं. त्यांनी वांग्याची नऊ रोपं बाजूला काढली. मग मी म्हटलं, ठेवायचीच तर टोमॅटोसारखी खोल लावू.

काय केलं

२३ जूनला टोमॅटोची वीस रोपं निवडली. सर्वांत उंच ती नव्हेत, खोड निरोगी आणि मातीलगत डाग नसलेली. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, खाली भोकं पाडून, त्यात माती-शेणखत-कोकोपीटचं मिश्रण अर्ध्यापर्यंत भरलं. रोप उचलताना खोडाला हात लावला नाही, पानाला धरलं. पान फाटलं तर नवं येतं, खोड चिरडलं तर रोपच जातं. प्रत्येक रोप बीजदलांपर्यंत मातीत गाडलं. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडाला मुळं फुटतात, त्यामुळे लांबलेलं खोड इथे वाया जात नाही. हे टोमॅटोचं खास आहे, आणि तेच मी पुढे विसरले.

वांग्याची नऊ रोपंही तशीच गाडली. चार दिवसांत तिघांचं खोड मातीत कुजलं. वांगं आणि मिरची टोमॅटोसारखी खोडातून सहज मुळं धरत नाहीत. कोवळं, पाणीदार खोड ओल्या मातीत गाडलं की बुरशीला आयतं सापडतं. पहिली होती त्या खोलीवरच लावून बाजूला काडीचा आधार द्यायला हवा होता. तो सल्ला माझा होता, आणि तो चुकला.

दिव्यासाठी नवं काही महाग आणलं नाही. २० वॉटच्या दोन साध्या एलईडी ट्यूब, पांढऱ्या प्रकाशाच्या, हॉलमधल्या पुस्तकांच्या मांडणीच्या एका फळीखाली सुतळीने टांगल्या. सुतळी अशासाठी की रोप वाढेल तशी ट्यूब वर घेता यावी. शेंड्यापासून बारा ते पंधरा सेंटीमीटर अंतर. ट्यूब स्पर्शाला कोमट असतात, इतक्या जवळ त्या पान जाळत नाहीत. फोनने मोजलं तर शेंड्याशी ७,००० लक्सच्या आसपास. ट्यूब हातभर वर नेली की आकडा निम्म्याच्याही खाली जायचा, म्हणून छताच्या दिव्याचा रोपाला काही उपयोग होत नाही. सकाळी सहा ते रात्री दहा दिवे चालू. सोळा तासांचे ०.६४ युनिट होतात, दहा दिवसांत साडेसहा युनिटच्या आत. काकांना विजेच्या बिलाची धास्ती होती, ती हा हिशेब ऐकून गेली.

खोलीच्या दुसऱ्या टोकाचा टेबलफॅन सगळ्यात हळू वेगावर ठेवला. आणि सूनबाईंच्या सात वर्षांच्या मुलीला एक काम दिलं : शाळेत जाण्याआधी शेंड्यांवरून तळहात अलगद वीस वेळा फिरवायचा, मांजराच्या पाठीवरून फिरवतात तसा. वारा आणि स्पर्श यांनी खोड आखूड आणि जाड होतं. वनस्पतींच्या या प्रतिसादाला जॅफी या शास्त्रज्ञाने १९७३ साली थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. नाव अवघड आहे, काम तिने एक दिवस न चुकवता केलं.

पाणी आता वरून देणं बंद केलं. पिशव्या परातीत पाण्यात ठेवायच्या, वरची माती ओलसर दिसली की काढायच्या. माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा पाणी नाही. खत पूर्ण बंद.

दुसरी पेरणी : सगळ्यात महत्त्वाचा निर्णय

२६ जूनला वांगं आणि मिरची पुन्हा टाकायची होती. आता दिव्याची सोय झाली होती, म्हणून सूनबाईंना वाटलं हीही घरातच करू. मला तिथे थांबून विचार करावासा वाटला. घरात का करतोय आपण? व्हिडिओतल्या लोकांना थंडीपासून वाचायचं असतं, त्यांना चार भिंती लागतात. टोरांटोत किंवा मिनेसोटात आपली मराठी माणसं मार्चमध्ये मिरचीचं बी तळघरात दिव्याखाली लावतात, ते त्यांना करावंच लागतं. काकूंची अडचण दोनच गोष्टींची होती, पावसाचे टपोरे थेंब आणि गोगलगायी. थेंबांना नुसतं छप्पर पुरतं, आणि गच्चीवर घरातल्या खिडकीच्या कित्येक पट प्रकाश फुकट पडत होता.

तेव्हा गच्चीवर रंगाच्या चार रिकाम्या डब्यांत माती दाबून पीव्हीसीचे पाइप उभे केले, दोन थोडे उंच, दोन ठेंगणे. त्यावर जाड पारदर्शक प्लास्टिक उतार देऊन बांधलं. बाजू उघड्या, म्हणजे वारा खेळता राहील. छपराखाली प्रकाश मोजला : बाहेर १७,००० तर आत १३,०००. ट्रेसाठी तिपाई, आणि तिपाईचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत, म्हणजे गोगलगायींना वर चढायला वाट नाही.

नवा ट्रे कात्रीने ओळीओळीने कापला. वांग्याची पट्टी वेगळी, मिरचीची वेगळी. पहिल्या पेरणीतली ही चूक आमच्या उशिरा लक्षात आली होती. टोमॅटो पाच दिवसांत उगवतो, वांग्याला आठवडा किंवा जास्त, मिरचीला कधी दोन आठवडे. तिघं एका ट्रेत असले की टोमॅटोसाठी झाकण काढावं तर मिरचीचं कोकोपीट वरून सुकतं, आणि मिरचीसाठी झाकून ठेवावं तर टोमॅटो लांबतो. म्हणजे लग्नाला कोणी गेलं नसतं तरी या ट्रेचं झाकण योग्य वेळी काढणं कोणालाच जमलं नसतं.

बियाही कमी टाकल्या. चौदा वांगी आणि चौदा मिरच्या, आणि मध्ये एकाआड एक खण रिकामा. कोकोपीटमध्ये ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी, मिसळलं. झाकण सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला उचलून बघायचं, हे काम काकूंनी स्वतःकडे घेतलं. ३ जुलैच्या सकाळी वांग्याची पहिली वाकडी मान दिसली, सव्वासहाला झाकण निघालं होतं. मिरचीचं ६ जुलैला.

एक अपघात झाला. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री वारा सुटला आणि छपराची एक दोरी निसटली. प्लास्टिकची पन्हळ झाली आणि तिची धार थेट वांग्याच्या पट्टीवर. पाच खण रिकामे झाले. दुसऱ्या दिवशी काकांनी दोऱ्या काढून तारेने बांधलं.

टोमॅटोची रोपं २ जुलैपासून गच्चीवर न्यायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी छपराखाली तासभर, मग रोज थोडं जास्त, आठवड्याने दिवसभर आणि रात्रही तिथेच. रोपं काटक करायचा हा आठवडा बरेच जण गाळतात. दिव्याखालचं पान कोवळं असतं, उघडिपीचं ऊन एकदम पडलं की त्यावर पांढरे चट्टे येतात. आमच्या दोन रोपांवर आलेच, कारण चौथ्या दिवशी दुपारी अचानक ऊन पडलं आणि घरात कोणी नव्हतं.

निष्पत्ती

टोमॅटोच्या वीसपैकी अठरा रोपं जगली. १५ जुलैला त्यातली सहा पिशव्यांत लावली, तीही पुन्हा थोडी खोल. उरलेली बारा सोसायटीत वाटली. लावताना दुधाची पिशवी कापली तेव्हा गाडलेल्या खोडाला सगळीकडून पांढरी मुळं फुटलेली दिसली, सूनबाईंनी त्याचा फोटो काढून भाच्याला पाठवला. ऑगस्टच्या मध्याला फुलं आली, सप्टेंबरच्या शेवटी पहिले टोमॅटो तोडले. पावसाळी टोमॅटोला करपा गाठतोच. खालची पानं करपली, दोन झाडं त्यातच गेली. चार झाडांनी घरापुरतं दिलं.

वांग्याची जुनी नऊ रोपं : तीन कुजली, दोन नंतर सुकली, चार उरली. दुसऱ्या पेरणीतली वांगी त्यांच्याहून तीन आठवड्यांनी लहान होती. ८ ऑगस्टला पिशवीत लावायची वेळ आली तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून पाहिली. जुनं रोप उंच, खाली बारीक, काडीला बांधलेलं, चार पानांचं. नवं त्याच्या निम्म्या उंचीचं, पेन्सिलीसारखं खोड, पाच-सहा पानं, देठ आखूड. काकू जरा वेळ बघत उभ्या राहिल्या, मग तिन्ही पिशव्यांत नवीच लावली. जुनी चारही त्यांनी टाकली नाहीत. एका फुटक्या बादलीत लावून जिन्याजवळ ठेवली, आणि त्यातल्या एकाला दिवाळीच्या सुमारास दोन वांगी लागली.

मिरचीची चौदापैकी अकरा उगवली, सगळी बुटकी आणि दणकट. त्यांना काडी लागली नाही आणि ट्यूबही लागली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पहिला निर्णायक क्षण ५ जूनचा आहे. चार दिवसांनी घर बंद राहणार हे माहीत असताना टोमॅटोची पेरणी करायला नको होती. आठवडाभर थांबलं असतं तर काही बिघडलं नसतं. बी डब्यात सुरक्षित असतं, उगवलं की मात्र त्याला तासांचा हिशेब लागतो. जायचंच असेल आणि पेरणी झालेली असेल, तर ट्रे न झाकता उजेडात ठेवून शेजाऱ्याला पाणी शिंपडायला सांगणं बरं. उगवण थोडी कमी होईल, रोपं वाया जाणार नाहीत.

दुसरा क्षण १३ जूनचा. काळी पिशवी काढल्यावर पाच सेंटीमीटरचे पांढरे दोरे दिसले, त्याच सकाळी टोमॅटोची ओळ खोल लावून प्रकाशाची सोय केली असती, तर दहा दिवस वाचले असते आणि मरीची सातही रोपं कदाचित राहिली असती. त्याऐवजी पाणी, खत आणि दिशा बदलणं यांत ते दिवस गेले. पान हिरवं झालं एवढ्यावर समाधान मानलं गेलं. रोप बरं आहे का हे बघायला मी आता रंग बघत नाही, बीजदलांच्या खालच्या खोडाची लांबी बघते. टोमॅटोत ती दोन-तीन सेंटीमीटरच्या पुढे गेली की प्रकाश कमी पडतोय.

तिसरी गोष्ट संख्येची. बारा पिशव्यांना तीस-पस्तीस बिया भरपूर झाल्या असत्या. एकाआड एक खण रिकामा ठेवला असता तर दाटीही टळली असती आणि बीही पुढच्या खेपेला उरलं असतं.

ट्यूबचा खर्च वाया गेला का, असं सूनबाईंनी मला नंतर विचारलं. या वेळी लांबलेल्या रोपांना दहा दिवस सांभाळायला त्या उपयोगी पडल्या, कारण त्या लावल्या तेव्हा छप्पर उभं नव्हतं. ज्यांच्याकडे गच्ची नाही, ग्रिलची बाल्कनी समोरच्या इमारतीच्या सावलीत आहे, त्यांना पावसाळ्यात ट्यूबशिवाय गत्यंतर नाही, आणि त्यांनी ती पहिल्या मोडाच्या दिवसापासून लावावी, रोप लांबल्यावर नव्हे. गच्ची असेल तर मात्र मी आधी प्लास्टिकचं छप्पर करेन.

आणि मुळात जूनचाच हट्ट का, हाही प्रश्न आहे. पुण्यात ऑगस्टअखेर बी टाकलं तर रोपं सप्टेंबरअखेर तयार होतात. पाऊस सरत आलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन पुढे असतं आणि टोमॅटोला करप्याचा त्रासही कमी. पिशव्या रिकाम्या ठेवायच्या नसतील तर पावसाळाभर त्यात भेंडी, गवार, दोडका, काकडी यांचं बी थेट टोकता येतं, त्यांना रोप करून लावण्याची गरजच नसते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात काकूंनी कोबी आणि फ्लॉवर टाकले, दोन वेगळ्या पट्ट्यांत, त्याच छपराखाली. कोबी टोमॅटोपेक्षाही लवकर उगवतो आणि काळोखात त्याहून लवकर लांबतो. तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी गच्चीवर चालायला गेले तेव्हा त्या टॉर्च घेऊन तिपाईशी वाकल्या होत्या. झाकणाचा कागद घडी करून त्यांच्या काखेत होता.